लाभांश कोल्हापूरचा, कर कुठल्या गावचा?

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली मेनन बेअरिंग्ज, शिरोलीची मेनन पिस्टन्स, हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याला नोंदणीकृत कार्यालय असलेली इंडो काउंट. या तिन्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. समजा, अशा एखाद्या कंपनीचे शेअर एका घरातल्या तीन भावंडांकडे आहेत आणि तिघांच्याही नावावर वर्षाला १०,००० रुपये लाभांश निघतो. राजारामपुरीत राहणाऱ्या थोरल्याच्या खात्यात पूर्ण १०,००० जमा होतात. दुबईत नोकरी करणाऱ्या धाकट्याच्या खात्यात ७,९२० येतात. लग्न होऊन ह्यूस्टनला गेलेल्या बहिणीच्या खात्यातही ७,९२०. धाकट्याने चार कागद वेळेवर पाठवले असते, तर त्याला ९,००० मिळाले असते. बहिणीला ते कागद पाठवून काहीच फायदा नव्हता.

कंपनी एक, शेअर तेच, आईवडीलही तेच, आणि तरी हिशेब तीन. परदेशी राहून भारतात गुंतवणूक करणाऱ्यांचा आणि भारतात राहून परदेशी फंड घेणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो. कर कुणाला किती लागणार हे दोन पत्त्यांवरून ठरते. गुंतवणूकदार कोणत्या देशाचा कर-रहिवासी आहे हा पहिला पत्ता आणि कंपनी किंवा फंड कोणत्या देशात नोंदलेला आहे हा दुसरा. हे न पाहता दिलेला सल्ला, मग तो कितीही जाणत्याने दिलेला असो, एका भावंडाला लाभाचा आणि दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

ही तफावत फार जुनी नाही. १९९७ च्या वित्त कायद्याने लाभांश वितरण कर आणला. तो कंपनीच भरायची आणि भागधारकाच्या हाती येणारा लाभांश बहुतेक काळ करमुक्त असायचा. शेवटच्या वर्षांत अधिभार आणि उपकर धरून त्याचा दर २०.५६ टक्क्यांपर्यंत गेला होता. घरी राहणारा आणि परदेशी राहणारा, दोघांना तेव्हा सारखीच रक्कम मिळत असे. परदेशातल्या गुंतवणूकदाराची तक्रार मात्र रास्त होती. कर कंपनीने भरलेला असल्यामुळे आपल्या देशात त्याचे श्रेय मागणे त्याला अवघड जाई आणि दोन देशांतल्या कराराचा सवलतीचा दरही पदरात पडत नसे. १ एप्रिल २०२० पासून हा कर गेला आणि लाभांश थेट भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. निवासी भागधारकाला एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत लाभांश मिळाला, तर आता उगमस्थानी कपात होत नाही. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. कपात झाली नाही, तरी लाभांशाचा कर निवासीने आपल्या टप्प्याप्रमाणे विवरणपत्रात भरायचा असतो. अनिवासी भारतीयाला अशी कोणतीही किमान मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून २० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के कापले जातात. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की अधिभारही लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अनिवासींच्या लाभांशावरचा २० टक्क्यांचा मूळ दर तोच आहे.

आता करार. दुहेरी कर टाळण्यासाठी भारताने अनेक देशांशी करार केलेले आहेत आणि त्यांत लाभांशावरच्या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. संयुक्त अरब अमिरात, कुवेत आणि ब्रिटन यांच्याशी ती साधारणपणे १० टक्के आहे, सौदी अरेबियाशी ५ टक्के. अमेरिकेच्या करारात सामान्य भागधारकासाठी ती २५ टक्के आहे. देशांतर्गत दर आणि कराराचा दर यांतला जो कमी असेल तो गुंतवणूकदाराला मिळतो. त्यामुळे दुबईकराचे २०.८ चे १० होतात आणि ह्यूस्टनकरणीचे २०.८ तसेच राहतात. कराराचा दर लागला की त्यावर उपकर किंवा अधिभार चढत नाही.

हा कमी दर आपोआप मात्र लागत नाही. वार्षिक सभेच्या आधी कंपनी भागधारकांना एक ईमेल पाठवते. बहुतेक जण तो न उघडता पुढे जातात. त्यात पॅन, परदेशातल्या कर खात्याचे निवासी प्रमाणपत्र म्हणजे टीआरसी, आयकर पोर्टलवर ऑनलाइन भरलेला आणि आजवर १०एफ नावाने ओळखला गेलेला फॉर्म, आणि 'भारतात माझे कायम व्यवसायस्थान नाही, लाभांशाचा खरा मालक मीच आहे' असे स्वयंघोषणापत्र मागितलेले असते. शेवटची तारीखही दिलेली असते. ती चुकली की कंपनी पूर्ण दराने कापते आणि मग विवरणपत्र भरून रिफंड मागण्याखेरीज दुसरा उपाय राहत नाही.

आखातातल्या माणसासाठी हे कागद सर्वांत महत्त्वाचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्याला भारतात कापलेल्या कराचे श्रेय तिथल्या करातून घेता येते. दुबईत वैयक्तिक आयकरच नाही, म्हणून श्रेय घ्यायला जागाही नाही. भारतात जे कापले गेले, ते विवरणपत्र भरून परत मागितले नाही, तर कायमचे गेले. त्यात अमिरातीच्या करारात आणखी एक अट आहे. त्या कॅलेंडर वर्षात माणूस किमान १८३ दिवस तिथे राहिलेला असावा लागतो. जो वर्षातले बरेच महिने कोल्हापूरला येऊन राहतो, त्याला प्रमाणपत्र मिळवतानाच अडचण येते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने मात्र श्रेय मिळते म्हणून निर्धास्त राहू नये. ब्रिटनचे कर खाते भारतात करारानुसार लागू शकणाऱ्या १० टक्क्यांपुरतेच श्रेय देते. कागद न पाठवल्यामुळे भारतात २०.८ टक्के कापले गेले असतील, तर वरचे १०.८ टक्के लंडनला मागता येत नाहीत. त्यासाठी भारतातच विवरणपत्र भरावे लागते. एरवी ज्या अनिवासीचे भारतातले उत्पन्न फक्त लाभांश किंवा तशाच ठरावीक प्रकारचे आहे आणि ज्याच्याकडून पूर्ण दराने कर कापलेला आहे, त्याला विवरणपत्रातून सूट असते. कराराचा कमी दर घेतला की ही सूट जाते. पैसे वाचवायचे आणि विवरणपत्रही टाळायचे, हे दोन्ही एकदम होत नाही.

शेअरपेक्षा म्युच्युअल फंडात विषय अधिक गुंततो, आणि वाचवण्यासारखेही तिथेच जास्त आहे. फंडाच्या ज्या पर्यायाला पूर्वी 'डिव्हिडंड' म्हणत, त्याचे नाव सेबीने १ एप्रिल २०२१ पासून बदलून लांबलचक केले: 'उत्पन्न वाटप तथा भांडवल परती', व्यवहारात आयडीसीडब्ल्यू. नाव किचकट असले तरी खरे सांगणारे आहे. फंड जे वाटतो त्यात गुंतवणूकदाराचे स्वतःचे भांडवलही असू शकते, आणि त्या संपूर्ण वाटपावर अनिवासीचा २०.८ टक्के कर जातो. २०२३ च्या वित्त कायद्याने फंडाच्या वाटपालाही, टीआरसी दिल्यास, कराराच्या दराचा मार्ग खुला केला. त्याआधी ती सोयही नव्हती.

ग्रोथ पर्यायात वाटपच होत नाही, म्हणून कपातही नाही. युनिट विकेपर्यंत कर पुढे ढकलला जातो. इक्विटी फंडाचे युनिट वर्षाहून जास्त ठेवले, तर नफ्याच्या पहिल्या सव्वा लाखापुढे १२.५ टक्के, वर्षाच्या आत विकले, तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. कोल्हापुरातल्या आईवडिलांना दरमहा पैसे लागतात म्हणून कित्येक मुले आयडीसीडब्ल्यू पर्याय घेऊन ठेवतात. तेच काम ग्रोथ युनिटांतून ठरावीक रक्कम काढण्याने, म्हणजे एसडब्ल्यूपीने, फार कमी करात होते. वर्षाला ५०,००० रुपये वाटप म्हणून घेतले, तर १०,४०० कापले जातात. तेवढेच युनिट विकून काढले आणि त्या रकमेतला नफ्याचा भाग १०,००० असला, तर कर फक्त त्या १०,००० वर मोजला जातो. युनिट वर्षाहून जुने असले आणि वर्षभराचा असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत राहिला, तर शेवटी काहीच द्यावे लागत नाही. लाभांश दिसायला चांगला, खात्यात आला की बरे वाटते. पण अनिवासीसाठी आयडीसीडब्ल्यू हा जवळजवळ नेहमीच चुकीचा पर्याय आहे.

अनिवासीने युनिट विकले की फंडाची कंपनी नफ्यावर कर कापूनच पैसे देते. निवासी गुंतवणूकदाराला ही कपात नसते. दुसऱ्या फंडात तोटा झाला असला, तर तो कापणाऱ्याला दिसत नाही. तो वळता करून घ्यायला विवरणपत्रच भरावे लागते. डेट फंडात, म्हणजे रोख्यांच्या फंडात, तर आणखी सांभाळून जावे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा युनिटांचा नफा कितीही वर्षांनी विकले तरी अल्पकालीनच धरला जातो आणि अनिवासीचे ३० टक्के अधिक उपकर कापले जातात. आखातातल्या माणसाला यापेक्षा एनआरई ठेव सरळ पडते. तिचे व्याज भारतात करमुक्त आहे.

नफ्यावरच्या कराबाबत एक महत्त्वाची घडामोड झाली आहे. म्युच्युअल फंडाचे युनिट म्हणजे कंपनीचा शेअर नव्हे, त्यामुळे काही करारांनुसार त्याच्या विक्रीच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क फक्त राहत्या देशाला आहे, असा अर्थ आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने लावला. कोचीच्या पीठाने अमिरातीतल्या रहिवाशाबाबत आणि मुंबईच्या पीठाने २०२५ मध्ये सिंगापूरच्या रहिवाशाबाबत तसा निकाल दिला. दुबईकराच्या दृष्टीने याचा अर्थ फंडाच्या नफ्यावर दोन्हीकडे शून्य कर असा होऊ शकतो. पण न्यायाधिकरणाच्या वर उच्च न्यायालय आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. मोठी रक्कम असेल तर हा दावा जाणत्या सीएच्या मदतीने विवरणपत्रात जरूर करावा. त्या भरवशावर रक्कम खर्चून मोकळे होऊ नये. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या करारांत ही वाट नाही. तिथे दोन्ही देश आपापल्या कायद्याप्रमाणे नफ्यावर कर लावू शकतात.

आता ह्यूस्टनच्या बहिणीकडे येऊ, कारण भावाला दिलेला सल्ला तिला सर्वांत महागात पडतो. भारतातला म्युच्युअल फंड, मग तो ग्रोथ असो की दुसरा कोणता, अमेरिकेच्या करकायद्यात 'पीएफआयसी' या वर्गात मोडतो. ही परदेशी गुंतवणूक कंपन्यांसाठीची कडक तरतूद आहे. वेळीच योग्य पर्याय निवडून कळवला नाही, तर नफा मागच्या वर्षांवर वाटला जातो, त्यावर त्या त्या वर्षीचा सर्वोच्च दर लागतो आणि वर व्याजही बसते. शिवाय फॉर्म ८६२१ भरायचा. म्हणजे ज्या ग्रोथ पर्यायाने दुबईत कर पुढे ढकलला, त्यानेच अमेरिकेत तो वाढवला. अमेरिकेतल्या रहिवाशाने भारताच्या वाढीत भाग घ्यायचा असेल, तर भारतात गुंतवणूक करणारा, पण अमेरिकेत नोंदलेला फंड घ्यावा किंवा थेट भारतीय कंपन्यांचे शेअर घ्यावेत. उद्योग चालवणारी कंपनी सहसा पीएफआयसी ठरत नाही आणि भारतात कापलेल्या २०.८ टक्क्यांचे श्रेय मर्यादेत राहून तिथे घेता येते. अमेरिकेला जाण्यापूर्वी कोल्हापुरात सुरू केलेली एसआयपी तशीच चालू ठेवणे ही त्या देशात गेलेल्यांची सर्रास होणारी चूक आहे.

ब्रिटनमध्येही जवळपास असाच प्रकार आहे. तिथल्या कर खात्याकडे 'रिपोर्टिंग फंड' म्हणून नोंद नसलेल्या परदेशी फंडाचा नफा भांडवली नफा न मानता सरळ उत्पन्न मानला जातो, आणि त्याचा वरचा दर ४५ टक्के आहे. भारतातले फंड सहसा या नोंदीत नसतात. मात्र एप्रिल २०२५ पासून, आधीची दहा वर्षे ब्रिटनचा रहिवासी नसलेल्या नवागताला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सवलत मिळते. नुकत्याच गेलेल्याने जुने युनिट त्या मुदतीत विकून टाकण्याचा विचार करावा.

आतापर्यंत परदेशातून कोल्हापूरकडे येणाऱ्या पैशाची गोष्ट झाली. उलट दिशेचा प्रवाह आता तेवढाच खरा आहे. पुण्यातल्या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या कोल्हापूरच्या इंजिनिअरला पगाराबरोबर तिकडच्या कंपनीचे शेअर मिळतात, आणि त्याने न ठरवताच तो अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी गुंतवणूकदार होतो. त्याच्या खात्याच्या उताऱ्यात १०० डॉलर लाभांशापुढे २५ डॉलर कापल्याची ओळ असते. डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरलेला नसेल, तर ३० असतात. ही ओळ पाहून पुष्कळ जण हळहळतात. पण ३० टक्के टप्प्यातल्या निवासीला भारतात उपकरासह ३१.२ डॉलर कर लागतो आणि त्यातून हे २५ वजा होतात. खिशातून आणखी ६.२ जातात, एवढेच. अट अशी की परदेशी कराच्या श्रेयाचा फॉर्म, जुन्या कायद्यातला क्रमांक ६७, भरलेला असला पाहिजे.

स्वतःहून अमेरिकी बाजारात उतरणाऱ्याला तीन वाटा आहेत. एस अँड पी ५०० निर्देशांकाचा लाभांश दर साधारण १.३ टक्के आणि गुंतवणूक एक कोटी रुपये धरू, म्हणजे वर्षाचा लाभांश १,३०,००० होतो. अमेरिकेतलाच ईटीएफ घेतला, तर दोन्ही देशांचा मिळून सुमारे ४०,५६० रुपये कर होतो. आयर्लंडमध्ये नोंदलेला, लाभांश न वाटता फंडातच पुन्हा गुंतवणारा ईटीएफ घेतला, तर अमेरिका–आयर्लंड कराराच्या १५ टक्के दराने फंडाच्या आत १९,५०० जातात आणि युनिट विकेपर्यंत भारतात काही लागत नाही. भारतातल्याच फंडामार्फत तोच निर्देशांक घेतला, तर कराराचा २५ टक्के दर धरून फंडाच्या आत ३२,५०० जातात. गुंतवणूकदाराला काही दिसत नाही. दुबईच्या धाकट्याला तर आयर्लंडचा फंड आणखी हिताचा आहे. अमिरात आणि अमेरिका यांच्यात आयकराचा करार नसल्याने अमेरिकी ईटीएफवर त्याचे ३० टक्के, म्हणजे ३९,००० जातात, आणि त्यातला पै परत मिळत नाही.

कोटीमागे वर्षाला वीस हजारांचा हा फरक लहान नाही, पण ज्याची खरी धास्ती घ्यावी ती गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाचा मृत्यू झाला आणि त्याच्या नावावर तिथल्या कंपन्यांचे शेअर किंवा तिथे नोंदलेले ईटीएफ ६०,००० डॉलरच्या वर असले, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. भारतात संपदा शुल्क १९८५ मध्येच बंद झाले, आणि भारताचा अमेरिकेशी वारसा कराचा करार नाही. नोकरीत साठलेले शेअर अनेक वर्षे तसेच राहू देणारा चाळिशीतला माणूस ही मर्यादा कधी ओलांडतो, हे त्यालाही कळत नाही. आयर्लंडच्या फंडाला हा कर लागत नाही, कारण तो फंड अमेरिकेतली मालमत्ता ठरत नाही. लाभांशावरचे दोनचार हजार वाचवण्याची चर्चा घराघरांत होते. विधवा पत्नीला परदेशी कर खात्याशी पत्रव्यवहार करावा लागेल याचा विचार फार थोडे करतात. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा.

तरीही कोल्हापुरात राहून दरमहा पाचदहा हजार गुंतवणाऱ्याने आयर्लंडच्या मागे धावावे असे मी म्हणणार नाही. परदेशी पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या पुढे बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी वसूल होणारा कर, आधी घेते. ते करात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. परदेशी मालमत्तेची विवरणपत्रातली यादी चुकली, तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर, वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली आहे. भारतातल्या फंडामार्फत गेले की यातले काहीच मागे लागत नाही. तिथली अडचण एकच: म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर सात अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा आहे. ती २०२२ च्या सुरुवातीला भरत आली आणि तेव्हापासून अनेक योजनांची दारे उघडझाप करत आहेत.

शेवटी सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट. परदेशी नोकरीला गेल्यावर बँक खाते आणि डीमॅट खाते निवासीच ठेवण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. कर कमी कापला जातो म्हणून आईवडीलही, "राहू दे रे बाळा, आहे तसंच," म्हणतात. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने ते चालत नाही. खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे साधारण खाते, करून घ्यावेच लागते, आणि उशिरा केले की आधीच्या सगळ्या लाभांशांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असणाऱ्याने इथे १२० दिवस किंवा त्याहून जास्त राहण्यापूर्वी, आणि तेवढेच उत्पन्न असलेल्या पण कुठेच कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकाने इथे कितीही कमी दिवस राहिला तरी, २०२० च्या दुरुस्तीने आपला निवासी दर्जा बदलतो का हे तपासून घ्यावे. तो बदलला की वरचे सगळे गणित बदलते.

बऱ्याच कंपन्यांच्या वार्षिक सभा जुलै ते सप्टेंबर या काळात होतात. दुबई, दोहा, कुवेत आणि रियाधमधल्या कोल्हापूरकरांनी टीआरसीचा अर्ज त्याआधी, मे महिन्यातच करावा, आणि जुन्या आयडीसीडब्ल्यू योजना त्याच वेळी ग्रोथमध्ये वळवाव्यात. वळवण्यालाही विक्री मानून कर लागतो. म्हणून नफा थोडा असतानाच ते करून टाका.